जुन्या कानशीतून पहिली सुरी

सुरी करायची असं ठरवून मी अमळनेरच्या भंगारवाल्याकडे गेलो आणि बोटभर जाडीच्या सळईचे तीन तुकडे घेऊन आलो. तापवून, ठोकून, घासून त्यातून सुरीसारखी दिसणारी एक वस्तू झालीसुद्धा. पण टमाट्याच्या सालीवरून ती नुसती सरकायची, आणि लावलेली धार दोन कांदे चिरेपर्यंत टिकायची. मला वाटलं हात कच्चा आहे. हात कच्चा होताच, पण खरा दोष लोखंडाचा होता. इमारतीच्या सळईत कार्बन ०.३ टक्क्यांच्या आत असतो. एवढ्याशा कार्बनवर धार धरण्याइतकं पातं कडक होत नाही, मग ते तेलात बुडवा नाहीतर तापीत.

म्हणून सुरुवात लोखंडापासून करू.

पहिल्या सुरीसाठी माझं मत ठाम आहे: घासून गुळगुळीत झालेली जुनी कानस. फॅब्रिकेशनच्या दुकानात, लेथवाल्याकडे, भंगारात ती किलोवर मिळते. चांगल्या कानशीत साधारण १ ते १.३ टक्के कार्बन असतो आणि तिला कडक करायला साधा कोळसा आणि स्वयंपाकाचं तेल पुरतं. १० इंची चपटी कानस घ्या. रुंदी इंचभर, जाडी पाच-सहा मिलिमीटर असते. स्वस्तातल्या काही कानशी फक्त वरवर कडक केलेल्या असतात, आतून मऊ लोखंड. ते ओळखायला कानशीचं टोक व्हाइसमध्ये, म्हणजे आवळायच्या शिकंज्यात, धरा, त्यावर जाड फडकं गुंडाळा, डोळ्याला चष्मा लावा आणि हातोड्याने तोडा. तुटलेल्या जागी आतपर्यंत एकसारखा बारीक राखाडी दाणा दिसला तर कानस कामाची. कडेला वेगळी रेघ आणि आत वेगळा रंग दिसला तर ती परत भंगारात.

ट्रकच्या स्प्रिंगचा पाटाही चालतो. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी त्यातूनच कोयते-विळे घडवतात. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो, पातं चिवट होतं. पण पाटा जाड आणि बाकदार. तो ऐरणीवर ठोकून पातळ करावा लागतो आणि ते नवख्याचं काम नाही. भुसावळकडचे काही मित्र रुळाच्या खिळ्याची सुरी करायला सांगतात. एक तर त्या खिळ्यात कार्बन कमी, आणि दुसरं म्हणजे १९६६ च्या कायद्याने रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. त्या फंदात पडूच नका.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, कारखान्याची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपली सुरी पाच इंची, भाजी चिरायची. खंजिरासारखी दुधारी, टोकदार काही करू नका आणि झालेली सुरी खिशात घालून बाजारात मिरवू नका.

हत्यारं काय लागतात? लोखंड कापायची हॅक्सॉ, एक नवी दहा इंची कानस आणि एक बारीक दाताची, व्हाइस, हातातलं ड्रिल, एमरी पेपर ८० पासून ४०० पर्यंत, लांब सांडशी, लोहचुंबक. ग्राइंडर असेल तर दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात होतं, नसेल तरी अडत नाही. गॉगल मात्र हवाच. ड्रिल आणि ग्राइंडर चालवताना गळ्यातला रुमाल, सैल बाही, हातमोजे काढून ठेवा. फिरणारं हत्यार कापड ओढून घेतं आणि त्यासोबत हात.

कानस मऊ करणं

कडक कानशीवर दुसरी कानस चालत नाही, आरीची पानं तुटत बसतात. आधी ती मऊ करायची. अंगणात बारा-पंधरा विटांची लांबट चूल मांडा. एका बाजूने साध्या काळ्या लोखंडी पाइपचा तुकडा आत सोडा आणि त्याला केस वाळवायचं जुनं ड्रायर जोडा. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला नको, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. पेटवायला पऱ्हाटीच्या काड्या आपल्याकडे ढिगाने असतात, पण त्या भपकन पेटतात आणि तशाच विझतात. धग हवी ती लाकडी कोळशाची, बाभळीचा मिळाला तर उत्तम. पाच किलो पुरे.

कानस कोळशात आडवी पुरून सगळीकडून लाल होऊ द्या. अधूनमधून बाहेर काढून चुंबक लावून बघा. लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं सोडतं. कानशीच्या पूर्ण लांबीवर चुंबक सुटला की वारा बंद करायचा, कानस निखाऱ्यातच ठेवायची, वर घमेलंभर कोरडी राख ओतायची आणि झोपायला जायचं. सकाळी काढाल तेव्हा नवी कानस तिच्यावर लोण्यासारखी नाही, पण पितळेसारखी तरी चालली पाहिजे. नाही चालली तर पुन्हा.

आखणी आणि कापणं

आकार कागदावर काढून पुठ्ठ्यावर कापा आणि तो पुठ्ठा हातात धरून खोटी खोटी भाजी चिरून बघा. हसू येतं, पण मुठीची लांबी इथेच कळते. माझं माप: पातं ५ इंच, मूठ साडेचार इंच, मुठीत जाणारी पट्टी पूर्ण रुंदीची. पात्याची पाठ जवळजवळ सरळ, पोट किंचित गोल. पात्याचा आणि मुठीचा सांधा काटकोनात ठेवू नका, गोलाई द्या. आतला टोकदार कोपरा म्हणजे तडा जायची आयती जागा.

मार्करने आखून हॅक्सॉने बाहेरून एक मिलिमीटर सोडून कापा, उरलेलं कानशीने. मग दोन्ही बाजूंचे कानशीचे दात पूर्ण घालवा. काहीजण शोभेसाठी पात्यावर ते ठेवतात. दिसायला छान, पण प्रत्येक दाताची खाच म्हणजे पाणी देताना, म्हणजे लाल पातं बुडवून कडक करताना, फुटायची एक जागा. पातं आणि मूठ मिळून सगळ्या पट्टीची जाडी तीन मिलिमीटरपर्यंत खाली आणा. इथे ग्राइंडर असेल तर आशीर्वाद समजा. पट्टी तापून निळी पडली तरी या टप्प्यावर बिघडत नाही, ती अजून मऊच आहे.

मुठीच्या पट्टीत पाच मिलिमीटरची दोन भोकं आत्ताच पाडा. आधी पंचने खूण, मग हळू वेगाने, थेंब थेंब तेल सोडत. पट्टी हातात धरून भोक पाडू नका. ड्रिल अडकलं की पट्टी गरकन फिरते आणि मनगट सोलते. हे काम पाणी दिल्यानंतर करू म्हणाल तर ड्रिलचं टोक जाईल आणि भोक पडणार नाही.

उतार काढणं

पातं पाठीपासून धारेकडे पातळ होत जातं, तो हा उतार. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजाही इथेच आहे.

आधी धारेच्या कडेवर मधली रेघ हवी. पट्टीच्या जाडीएवढं ड्रिल, म्हणजे तीन मिलिमीटरचं, टाइलवर आडवं ठेवा, पट्टीही टाइलवर आडवी, आणि ड्रिलच्या टोकाने कडेवर रेघ ओढा. पट्टी उलटून पुन्हा ओढा. टोक बरोबर मध्यावर असलं तर एकच रेघ उमटेल, किंचित हललं तर दोन उमटतील आणि मध्य त्यांच्या अधे. त्या मधल्या जागेपासून दोन्हीकडे मिळून एक मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवायची आहे. मार्कर फासून त्यावर रेघा मारल्या की स्पष्ट दिसतात.

पातं एका लाकडी फळीवर आडवं ठेवून दोन क्लॅम्पनी आवळा, धार तुमच्याकडे. कानस दोन्ही हातांनी धरून पुढे ढकला, आणि मागे घेताना उचला. ओढताना दाबली की दात बोथट होतात. नव्या कानशीच्या दातांवर शाळेतला खडू फासा, म्हणजे लोखंडाचा कीस दातांत अडकत नाही. नाहीतर अडकलेला एक कण पात्यावर असा ओरखडा पाडतो की तो घालवायला अर्धा तास जातो. नीट चालणाऱ्या कानशीचा आवाज जड आणि सलग येतो. किरकिर ऐकू आली की थांबा आणि तारेच्या ब्रशने दात झाडा.

आधी धारेकडून जरा उभा कोन काढा, मग हळूहळू तो पाठीकडे सरकवत न्या. एका बाजूला पंचवीस हात, मग उलटून दुसऱ्या बाजूला पंचवीस. एकच बाजू पूर्ण करून मग दुसरी धरली की रेघ मध्यावर राहत नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पातं धारेच्या बाजूने वाकडं झालं होतं, जणू सुरीला एका बाजूला ऐकू येत नाही.

धार आत्ता काढायची नाही. मोह होतो, कागद कापून बघावासा वाटतो. पण कडा एक मिलिमीटर जाड राहिलीच पाहिजे. पातळ कडा भट्टीत आधी तापते, जळते, आणि तेलात वाकते किंवा चिरते. उतार झाल्यावर एमरी पेपर ८०, १२०, २२० असे लावून कानशीचे आडवे ओरखडे पूर्ण घालवा. आरशासारखं करायची गरज नाही, आडवी खोल रेघ मात्र एकही नको.

पाणी देणं

आपल्याकडे पात्याला 'पाणी देतात', पण या पात्याला पाणी दाखवायचं नाही. ही अक्कल मला विकत घ्यावी लागली. कानशीचं पहिलं पातं तीन रविवार घासून मी लालभडक केलं आणि शब्दाला जागून बादलीतल्या पाण्यात बुडवलं. 'टिंग' असा बारीक आवाज आला, चहाच्या कपाला चमचा लागावा तसा. बाहेर काढलं तर धारेपासून मध्यापर्यंत केसाएवढी रेघ. शेजारच्या गल्लीत एक म्हातारे लोहार राहतात, आता भाता बंद आहे. ते आवाजाने नाही, धुराने आले असतील. पातं उजेडात धरून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ? पानी नको, तेल लई ये." मी आत जाऊन शेंगदाण्याचं तेल आणलं. आईने महिनाभर त्या तेलाचा हिशेब विचारला.

तेच आता नीट क्रमाने.

वेळ तिन्हीसांजेची धरा, दिवस थंडीचे. उन्हात लोखंडाचा लाल रंग कळत नाही आणि मे महिन्यात आपल्याकडे भट्टीची वेगळी गरजही भासत नाही. चार इंची लोखंडी पाइपचा फूटभर तुकडा घेऊन खाली पत्रा वेल्ड करून घ्या. त्यात दोन लिटर शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल. हे नळकांडं वाळूच्या घमेल्यात घट्ट रोवा, कलंडलं तर खेळ खलास. वर बसेल असं पत्र्याचं झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलं तर झाकण, नाहीतर वाळू. पेटलेल्या तेलावर पाणी मारायचं नाही, आग उसळून अंगावर येते. प्लास्टिकची बादली नको. गाडीचं जळकं ऑइल नको, त्याचा धूर वाईट आणि ही सुरी शेवटी कोशिंबिरीला लागणार आहे. मुलं आणि कुत्री आत.

एक लोखंडाचा तुकडा तापवून तेलात बुडवा आणि तेल ५० ते ६० अंशांवर आणा. नळकांड्याला बाहेरून हात लावला तर दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटेल, इतपत. थंड तेल घट्ट असतं आणि पात्यातली उष्णता पुरेशा वेगाने ओढत नाही.

पातं आधी तीनदा चुंबक सुटेपर्यंत तापवून नुसत्या हवेत काळं होऊ द्या. आधीच्या उष्णतेने दाणा जाड झालेला असतो, तो बारीक होतो आणि घासताना बसलेले ताण जातात. चौथ्या वेळी खरं काम. वारा मंद ठेवा, पाठ निखाऱ्यात खाली आणि धार वर, पातं पुढेमागे हलवत राहा म्हणजे टोक आधी जळणार नाही. चुंबक सुटला की अजून थोडं वर जायचं आहे, आणि ते 'थोडं' किती हे सांगायला घरातलं मीठ आहे. मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्यावर दोन दाणे टाका. ते पाझरू लागले की पुरे. मीठ तसंच राहिलं तर अजून थांबा. पातं नारिंगी-पिवळं दिसू लागलं तर फार झालं, दाणा पुन्हा जाड होईल.

आता पातं सरळ, टोक खाली, एका दमात तेलात. आत खाली-वर किंवा धारेच्या दिशेने हलवा, आडवं ढवळू नका, आडवं हललं की वाकतं. ज्वाळा दिसेल, घाबरून अर्धवट बाहेर काढू नका. दहा-बारा सेकंदांनी काढून, जाड चामड्याचा मोजा घालून, व्हाइसमध्ये दोन सपाट लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये आवळा आणि तिथेच गार होऊ द्या. थोडा बाक आला असेल तर तो याच मिनिटाला निघतो. गार झाल्यावर ठोकून सरळ करायला गेलात तर दोन तुकडे होतील.

नव्या कानशीचा कोपरा धारेवर अलगद ओढून बघा. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी बसलं. चावली तर पुन्हा तीनदा हवेत गार करून पहिल्यापासून.

टेंपर

पाणी बसलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तरी तुटतं. म्हणून 'उद्या करू' नको, त्याच संध्याकाळी टेंपर, म्हणजे बेताचं तापवून ठिसूळपणा घालवणं. तेल साबणाने धुऊन पातं पुसा, एका बाजूची काजळी एमरीने घासून चकचकीत करा. केकचा छोटा ओव्हन घरात असेल तर ट्रेमध्ये वाळू पसरून त्यात पातं ठेवा आणि २०० अंशांवर दोन तास. गार करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावरचा आकडा भरवशाचा नसतो, आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या.

ओव्हन नसेल तर जाड लोखंडी ठोकळा लाल करून पात्याची फक्त पाठ त्यावर टेकवा आणि चकचकीत केलेल्या बाजूकडे नजर ठेवा. पाठीकडून रंग धावत येतात: फिकट पिवळा, पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेवर पेंढ्याचा रंग पोचला, म्हणजे २१०-२२० अंश झाले, की लगेच पातं पाण्यात. इथे पाणी चालतं. पाठ निळी राहिली तर छानच, ती चिवट होते. धार निळी झाली तर ती मऊ पडली, पुन्हा पाणी द्यावं लागेल.

इथून पुढे ग्राइंडर कपाटात. लावायचाच असेल तर पातं उघड्या बोटांनी धरा आणि दर फेरीला पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला म्हणजे थांबायची वेळ आली.

मूठ

सुताराकडे सागाचे, शिसवाचे तुकडे फुकट मिळतात. बाभूळ चांगली, गाडीची चाकं आणि अवजारांचे दांडे तिचेच असायचे. सातपुड्यातल्या अंजनाचं लाकूड मिळालं तर दगडासारखं टिकतं, पण तितकंच छळतं. पहिल्या मुठीला साग घ्या.

दहा मिलिमीटरच्या दोन फळ्या, एक बाजू अगदी सपाट. त्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच गोल करून, घासून पूर्ण करा. नंतर तिथे एमरी नेली की पात्यावर ओरखडे पडतात. भोकं पट्टीवरूनच उतरवा. पाच मिलिमीटरची पितळी सळई दोन तुकडे. पट्टी आणि लाकूड खरखरीत करून थिनरने पुसा, अराल्डाइटचे दोन्ही भाग सारखे घेऊन मिनिटभर नीट कालवा, लावा, पितळ ठोका, क्लॅम्प लावा. फार आवळू नका, सगळं अराल्डाइट बाहेर येईल. पात्यावर सांडलेलं तेव्हाच पुसा. २४ तास हात लावायचा नाही.

मग हातात बसेपर्यंत घासणं, नाकाला फडकं बांधून. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन-चार हात, दर दोन हातांमध्ये एक दिवस. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा.

धार

हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा दगड आधी, मग १००० नंबरचा पाण्याचा दगड. इंचभर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून साडेसात मिलिमीटर उचलली की साधारण १७ अंशांचा कोन होतो. तेवढ्या जाडीची लाकडाची चीप शेजारी ठेवून नजर बसवा. एकाच बाजूने घासत राहा, पलीकडच्या बाजूला अंगठा आडवा फिरवल्यावर बारीक खरखर लागेपर्यंत, टोकापासून मुठीपर्यंत. मग दुसरी बाजू. मग १००० वर हलक्या हाताने आळीपाळीने, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-दहा ओढ. वर्तमानपत्राचा कागद सुळकन कापला गेला तर झालं. आमच्या घरी परीक्षा वेगळी असते: भरताच्या वांग्याच्या तुकतुकीत सालीवर सुरी न दाबता टेकवायची. साल आत न दबता उघडली पाहिजे.

हे पोलाद गंजतं. वापरून झालं की लगेच धुऊन पुसा, ओलं ठेवू नका, पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवा. कैरी-लिंबाने पातं काळंनिळं पडतं, पहिल्या दिवशी कैरीही काळी दिसते. विळी वापरणाऱ्या घरात याचं कोणाला नवल वाटत नाही.

माझी सुरी आता चौथ्या उन्हाळ्यात आहे, रंग पार जांभळट झालाय. तेलाचा हिशेब मिटला. आई हल्ली म्हणते, विळीचं पातं पण बदलून दे. ते या कानशीत मावणार नाही, त्याला पाटा लागेल आणि ठोकायला ऐरण. त्या म्हाताऱ्या लोहारांची अंगणात पडलेली आहे. विचारून ठेवलंय.